निकामी बंदुकीची निगा



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यावर, नाटकावर, सीमाभागातल्या मराठी शाळांवर भाषणं झाली. मी होमिओपॅथीचा डॉक्टर, त्यातून जैन, आणि बोलणार बंदुकीवर. कार्यवाहांनी दोन वेळा फोन करून विचारलं, "विषय बंदूकच ना, डॉक्टर?" मी म्हटलं, बंदूकच, पण न उडणारी. त्यावर त्यांचा आवाज जरा निवळला. तुमच्यापैकी जे हे भाषण पुढं छापील पुस्तिकेत वाचतील त्यांनाही सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी शिकारी नाही, फौजी नाही, संग्राहक तर नाहीच. माझ्याकडं एकच बंदूक आहे. ती आज्जांकडून आप्पांकडं आणि आप्पांकडून माझ्याकडं आली. गेली पंचवीसएक वर्षं मी तिची निगा राखतो आहे. त्यात काय शिकलो आणि काय फार उशिरा कळलं, एवढंच सांगायचं आहे.

बंदूक कुठली ते आधी सांगतो. तिचं नाव स्नायडर. १८५३ मध्ये इंग्लंडच्या सैन्यानं एन्फिल्ड नावाची ठासणीची बंदूक घेतली. तिच्या काडतुसांना लावलेल्या चरबीवरून १८५७ मध्ये काय झालं ते तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. काडतूस कागदी होतं, ते दातानं फोडून दारू नळीत ओतायची, गोळी वरून गजानं ठासायची. पुढं दहाएक वर्षांत ठासणीचा जमाना सरला. पण लाखो एन्फिल्ड बंदुका तर तयार होत्या, त्या टाकून कशा द्यायच्या? तेव्हा जेकब स्नायडर नावाच्या अमेरिकन माणसाची युक्ती १८६६ मध्ये स्वीकारली गेली. नळीची मागची बाजू कापायची आणि तिथं बिजागरीवर उजवीकडं उघडणारं झाकण बसवायचं. आता काडतूस मागून घालता येऊ लागलं आणि दातानं फोडायची गरजच उरली नाही. मिनिटाला तीन बार निघायचे तिथं दहाच्या आसपास निघू लागले. म्हणजे माझी बंदूक ही १८५७ च्या बंदुकीचीच मागून कापलेली बहीण म्हणा. लांबी जवळजवळ साडेचार फूट, वजन चार किलोच्या आसपास, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, नळीला तीन कड्या, आणि दस्त्याच्या टोकाला व चापाच्या कमानीला पितळ.

एक गोष्ट मात्र शाळेच्या पुस्तकात नसते. उठावानंतर इंग्रजांनी ठरवलं की हिंदी शिपायाच्या हातात नेहमी एक पिढी मागचं हत्यार द्यायचं. गोऱ्या सैनिकाकडं आटे पाडलेल्या नळीची बंदूक असे, तेव्हा हिंदी पलटणींना आतून गुळगुळीत नळीची दिली, म्हणजे नेम लांबवर लागायला नको. १८७८ च्या अफगाण युद्धात गोऱ्यांच्या हाती नवी मार्टिनी-हेन्री होती आणि आपल्या पलटणी स्नायडर घेऊन लढत होत्या. माझ्या बंदुकीची नळीही गुळगुळीत आहे. नळीवर एके ठिकाणी दोन छोटे बाण टोकाला टोक लावून कोरलेले आहेत. एकटा बाण म्हणजे इंग्रज सरकारची मालमत्ता, आणि असे दोन समोरासमोर आले की ती सरकारी मालमत्तेतून बाद झाली. ही खूण मला पहिल्यांदा दाखवली ती आपल्या बेळगावातल्याच एका निवृत्त हवालदारांनी. सैन्यात हत्यारं दुरुस्त करण्याचंच काम केलेले गृहस्थ. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावात असल्याचा हा फायदा, दोन गल्ल्या फिरल्या की असा एक तरी माणूस भेटतो.

आमचं मूळ गाव चिकोडी तालुक्यातलं, दूधगंगेच्या काठचं. आचार्य शांतिसागर महाराजांचं भोज तिथून फार लांब नाही. आमच्या घराकडं गावची पाटीलकी होती. एका संस्थानच्या मोडीत काढलेल्या हत्यारांतून ही बंदूक आज्जांच्या वडिलांनी घेतली आणि पिकाच्या राखणीसाठी म्हणून परवाना काढला. भुईमुगाला रानडुकरं फार. आता जैन पाटलानं रानडुक्कर मारायचं कसं? म्हणून आज्जांनी एक सोय काढली होती. काडतुसात दारू भरायची, वर काथ्याचा बोळा ठासायचा, गोळी घालायचीच नाही. नुसता आवाज. डुकरं पळतात, व्रत मोडत नाही. गावात याचं कौतुक होतं. "पाटलांची बंदूक ओरडते, चावत नाही," असं म्हणायचे.

ती एकदा चावली. १९४० नंतरच्या सुगीतली गोष्ट. रात्री मळ्यात आमचा गडी माळ्यावरून खाली उतरला होता. आज्जांनी खसफस ऐकली आणि बार काढला. दहा-बारा पावलांवरून बोळा आणि न जळलेली दारू त्याच्या तोंडावर बसली. उजवा डोळा गेला. आमच्या घरात ही गोष्ट नेहमी एकाच पद्धतीनं सांगितली जायची: अंधार होता, तो चुकून समोर आला, आज्जांनी त्याला मिरजेच्या मिशन दवाखान्यात नेलं, मळ्यालगतची दीड एकर जमीन त्याला फुकट कसायला दिली आणि पुन्हा आयुष्यात बंदुकीला हात लावला नाही. मी ही गोष्ट याच क्रमानं, याच शब्दांत शंभर वेळा ऐकली आहे.

तो गडी मला चांगला आठवतो. आम्ही मुलं त्याला मामा म्हणायचो. आणि ऐकून नवल वाटेल, दरवर्षी खंडेनवमीला बंदूक साफ करण्याचं काम त्याचंच असे. आज्जा ओसरीवर बसून बघायचे. मामा चुलीवर पाणी उकळायचा, नळीच्या मागच्या बाजूला केळीचं पान गुंडाळून नरसाळं करायचा आणि कढत पाणी आत सोडायचा. मग गजाला चिंधी बांधून आतून घासायचं, पितळ चिंच आणि राखेनं लखलखीत करायचं आणि शेवटी सगळ्यावर खोबरेल तेल. मी सात-आठ वर्षांचा असताना त्यानं मला गज धरायला शिकवलं. डावीकडं मान वळवून एका डोळ्यानं नळीतून आरपार बघायचा आणि म्हणायचा, "बग, चंद्र दिसला पायजे." नळी स्वच्छ असली की पलीकडचा उजेड गोल दिसतो, त्याला तो चंद्र म्हणायचा.

१९९६ साली आप्पा गेले. परवाना त्यांच्या नावावर. माणूस गेला की घरातल्या हत्यारावरचा आपला कायदेशीर हक्क संपतो, आणि शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे विनाविलंब ते पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडं जमा करावं लागतं. पुष्कळ घरांत हे माहीत नसतं. माळ्यावर पोत्यात गुंडाळलेली आजोबांची बंदूक ही 'आठवण' नसते, बिनपरवाना हत्यार असते. तुमच्या घरी तसं काही असेल तर उद्याच वकिलाला विचारा. मी जमा केली. परवाना माझ्या नावावर करून घेणं अशक्य नव्हतं, पण मला चालू बंदूक नको होती. दर निवडणुकीला ठाण्यात नेऊन जमा करा, मग पावती दाखवून परत आणा, हे आप्पांनी आयुष्यभर केलं होतं. आणि खरं सांगायचं तर घरात वाढत्या वयाची दोन मुलं होती.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात ४५ वं कलम आहे. जुन्या पद्धतीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही. यातले "दुरुस्त करूनसुद्धा" हे शब्द महत्त्वाचे आहेत. नुसती सुई काढून खिशात ठेवली तर बंदूक निकामी होत नाही. नुसती जुनी असूनही भागत नाही. मी डीसी ऑफिसात अर्ज केला, खेटे घातले, ते किती घातले ते सांगत बसत नाही. परवाना असलेल्या कारागिरानं झाकणातली सुई काढून तिचं भोक वितळजोडानं बुजवलं, काडतूस बसतं त्या जागेत पोलादी कांडी घालून जोडून टाकली आणि नळीला खालच्या अंगानं, लाकडाआड झाकली जाईल अशी, लांब खाच पाडली. मग पोलिसांच्या तज्ज्ञानं तपासून लिहून दिलं. हे माझ्या बाबतीत झालं. प्रत्येक प्रकरण वेगळं असतं, तेव्हा माझ्या भाषणाच्या भरवशावर कुणी घरी ड्रिल मशीन लावू नये.

खाच पाडताना मी तिथं उभा होतो. मामाचा 'चंद्र' त्या दिवशी गेला. आता नळीतून पाहिलं तर अर्ध्यात अंधार लागतो.

मग आणली घरी, आणि खरी निगा सुरू झाली. पहिल्याच वर्षी मी खंडेनवमीचा सगळा विधी तसाच केला. कढत पाणी, चिंच, खोबरेल. निवृत्त हवालदारसाहेबांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. त्यांनी सांगितलं ते असं. जुन्या काळ्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळाल्यावर नळीत जो काळा थर उरतो त्यात क्षार असतात. ते हवेतलं पाणी ओढून घेतात आणि लोखंड खातात. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून बार काढल्यावर त्याच दिवशी कढत पाणी हवंच. मामाची पद्धत शंभर टक्के बरोबर होती. पण आमच्या बंदुकीतून पन्नास वर्षं बारच निघाला नव्हता. म्हणजे पन्नास वर्षं आम्ही दर दसऱ्याला गरज नसताना तिच्या पोटात पाणी ओतत होतो. खोबरेल थंडीत थिजतं, खवट होतं, आणि त्याला धूळ चिकटून गोंदासारखा थर बसतो. चिंचेचं आम्ल आणि राख यांनी पितळेवरचा पलटणीचा शिक्का इतका झिजला आहे की आता नुसता स्पर्शाला लागतो, वाचता येत नाही. किती प्रेमानं आम्ही ती अक्षरं पुसली!

आता मी करतो ते अगदी थोडं आहे. हातात सुती मोजे घालायचे, कारण घामातल्या मिठाचा बोटाचा ठसा पोलादावर आठवड्याभरात तांबूस उमटतो. लोखंडावर शिलाई मशीनच्या तेलाचा इतका पातळ हात फिरवायचा की दिसूही नये. गंजाचा ठिपका आला तर तेल लावून रात्रभर ठेवायचं आणि तांब्याच्या कडेनं हळूच खरवडायचं, पॉलिश पेपर बिलकुल नाही. जुन्या पोलादावर जो काळसर तपकिरी रंग चढतो तो मळ नव्हे, ते तिचं वय आहे, ते घासून काढलं की परत येत नाही. स्क्रू शक्यतो खोलायचे नाहीत, खोलायचे झाले तर खाचेत नेमका बसणारा पेचकसच घ्यायचा. घोडा नेहमी खाली उतरवून ठेवायचा, म्हणजे आतल्या कमानीवर ताण राहत नाही. रिकाम्या बंदुकीचा चाप टक्‌टक्‌ ओढत बसणं ही पाहुण्यांची फार वाईट सवय आहे. आणि निकामी असली तरी हातात घेतल्यावर आधी झाकण उघडून बघायचं, नळी माणसाकडं करायची नाही. हवालदारसाहेब म्हणायचे, बंदूक निकामी झाली म्हणून हातानं शिस्त सोडू नये, पुढची बंदूक कदाचित निकामी नसेल.

लाकडाचं माझं स्वतःचं एक प्रकरण आहे. पुस्तकांतून सगळीकडं मधमाशीचं मेण लावा असं लिहिलेलं असतं. आम्हाला मध वर्ज्य, त्या मेणालाही हात लावायचं मन होईना. जुन्या फौजेतली दुसरी वस्तू म्हणजे चरबी, तिचं नाव काढायलाच नको. मी जवसाचं तेल वापरतो. वर्षातून एकदा, चार थेंब तळहातावर चोळून, दस्त्यावर जिरेपर्यंत. यात एक धोका आहे तो नीट ऐका. जवसाच्या तेलानं भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती वाळताना आतून तापते आणि आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. लोखंडाला वरून मेण हवंच असेल तर पेट्रोलियमपासून केलेलं मेण मिळतं, संग्रहालयांतून तेच वापरतात. त्यात कुणाचं पोळं मोडत नाही.

आपल्याकडचा पाऊस तर तुम्हाला सांगायला नकोच. जुलैत आपल्या गावात चपला बुरसतात, तिथं लोखंडाचं काय! चातुर्मासात मी दर पंधरा दिवसांनी कपाट उघडून बघतो. चामड्याच्या खोळीत ठेवायची नाही, चामडं ओल धरतं. उभी ठेवायची तर नळी खाली, नाहीतर तेल झिरपून लाकडात उतरतं आणि लाकूड कुजतं. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या ठेवतो. कीड लागू नये म्हणून एकानं कापराच्या वड्या ठेवायला सांगितल्या होत्या, पण होमिओपॅथीच्या गोळ्या आणि कापूर यांचं वैर आमच्या पहिल्या वर्षातच शिकवतात, आणि कपाट दवाखान्याच्या मागच्याच खोलीत. तेव्हा कापूर बाद.

गोळ्यांवरून आठवलं. माझ्या औषधांच्या फळीवर गनपावडर नावाची एक बाटली आहे. थट्टा नाही, बंदुकीच्या दारूपासून केलेलं औषध आमच्या ग्रंथांत आहे. लंडनच्या जॉन हेन्री क्लार्क यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ मध्ये, त्यावर छोटं पुस्तकच लिहिलं. माझे ॲलोपॅथीवाले मित्र विचारतात, "त्यात दारू किती उरलीय रे?" मी म्हणतो, माझ्या बंदुकीत उरली आहे तितकी. ते हसतात, मीही हसतो.

पण हसण्यावारी न जाणारा प्रश्न वेगळाच होता. आमच्या श्रावकाचारात अनर्थदंड म्हणून एक भाग आहे, विनाकारण घडणारी पापं. आचार्य समंतभद्रांनी त्याचे पाच प्रकार सांगितले, त्यातला एक हिंसादान. कुऱ्हाड, तलवार, विष, विस्तव अशी हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं. मग न उडणारी बंदूक हे हिंसेचं साधन आहे की नाही? धाकट्या बहिणीचं मत स्पष्ट होतं: "अण्णा, घरात नको. भंगारात घाल." मी वाद घालायचो की लोखंडात हिंसा नसते, भावात असते, आणि मी तर तिचे दात काढले आहेत. एका चातुर्मासात बस्तीत मुक्कामाला असलेल्या महाराजांना मी हा प्रश्न विचारला. त्यांनी हो-नाही काही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "तिच्याकडं बघून तुला कोण आठवतं?" मी चटकन म्हणालो, "आज्जा." त्यांनी मान हलवली आणि पुढच्या श्रावकाकडं वळले.

दात काढले तरी ती घाबरवते, हेही एकदा कळलं. पुतण्यानं दिवाळीत तिच्यासोबत फोटो काढला, नळी खांद्यावर, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि मोबाईलवर स्टेटस म्हणून ठेवला. तिसऱ्या दिवशी ठाण्यातून एक हवालदार दवाखान्यात हजर. मी फाईल दाखवली. त्यांनी कागदन्‌ कागद वाचला आणि म्हणाले, "कागद बरोबर आहेत डॉक्टर, पण फोटो बघणाऱ्याला कागद दिसत न्हाई." त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून फोटो बंद.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. बंदूक घरी आणल्यावर मी ती दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, रुग्ण बसतात तिथं, काचेच्या पेटीत भिंतीवर लावली होती. खाली पितळी पाटी: 'स्नायडर बंदूक. आमच्या पाटील घराण्याचा वारसा. या बंदुकीतून कधीही गोळी झाडली गेली नाही.' या शेवटच्या वाक्याचा मला फार अभिमान होता. ते खरंही होतं. गोळी कधीच झाडली नव्हती.

२०१४ च्या पावसाळ्यात चाळिशीतले एक शिक्षक खोकल्यासाठी आले. गावाचं नाव सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अहो, हे तर आमचंच गाव. ते म्हणाले, "माहीत आहे. मी मामांचा नातू." तुम्ही ज्यांना मामा म्हणायचात त्यांचा, असंही पुढं म्हणाले. मला केवढा आनंद झाला! चहा मागवला, मामाच्या आठवणी सांगितल्या, चंद्राची गोष्ट सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. निघताना पाटीपाशी थांबले, वाचली, आणि विचारलं, "डॉक्टर, आमच्या आज्जाचा डोळा ह्याच बंदुकीनं गेला न्हवं?"

मी म्हटलं, हो, पण तो अपघात, अंधारात चुकून समोर आले.

"आमच्या घरात वेगळं सांगतात," ते म्हणाले. बार काढण्याआधी मोठ्यानं हाक द्यायची, असा मळ्यातला नियम होता. त्या रात्री हाक दिली नाही. आज्जा आयुष्यभर म्हणायचा, मालकांनी एक हाक मारली असती तर मी 'ओ' दिली असती.

मग जमिनीची गोष्ट. ती दीड एकर फुकट कसायला दिली, हे खरं. पण १९७४ मध्ये कर्नाटकात कूळ कायद्याची मोठी दुरुस्ती आली. कसणाऱ्यानं सात नंबरचा फॉर्म भरला की जमिनीवर त्याचा हक्क लागायचा. आप्पांनी मामाला बोलावून सांगितलं, तू घरचा माणूस, तू फॉर्म भरायचा नाहीस. मामानं भरला नाही. पुढं १९८० मध्ये आप्पांनी ती जमीन विकली. नातू हे सगळं खोकत खोकत, अगदी सपाट आवाजात सांगत होते. १९८० साली मला होमिओपॅथीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. त्या वर्षी आमच्या घरात अचानक पैसा कुठून आला हे मी चौतीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. गावच्या थोरल्या चुलत्यांना फोन केला. ते म्हणाले, "हो, तीच की."

त्या संध्याकाळी मी पेटी भिंतीवरून उतरवली. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे तिच्यात प्राण जाण्याइतकाच प्रमादही मोजलेला आहे, निष्काळजी मन. लहानपणापासून मी ती पाठ म्हणत आलो. गोळी नाही म्हणजे हिंसा नाही, हा आमच्या घरचा हिशोब त्या व्याख्येत कुठंच बसत नव्हता.

दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावणीच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. आम्ही त्या दिवशी सगळ्यांनाच क्षमा मागतो, आता तर मोबाईलवर एका बोटानं दोनशे जणांना मागतो. मी हात जोडले. ते म्हणाले, "माझ्याकडं काय मागताय डॉक्टर? डोळा माझा न्हाई गेला." त्यांच्या पत्नीनं चहा आणला. मी जमिनीच्या आजच्या किमतीचा विषय काढला. त्यांनी नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. "बघू," म्हणाले. त्या 'बघू'ला आता बरीच वर्षं झाली. मी दर क्षमावणीला जातो, ते दरवेळी चहा देतात. त्यांनी रक्कम मागावी अशी मी वाट बघतो, आणि कदाचित मी न विचारता नेऊन द्यावी अशी ते वाट बघत असतील. इथं बोलताना हे तुमच्यासमोर कबूल करायला हवं की या बाबतीत मी अजून पाऊल पुढं टाकलेलं नाही.

बंदुकीबद्दल मात्र त्यांना विचारलं: वितळवू का? भंगारात घालू का? मुलगा परदेशात असतो, त्याला ती भिंतीवर हवी होती, पण शंभर वर्षांवरची वस्तू अशी देशाबाहेर नेता येत नाही, तो प्रश्न कायद्यानंच मिटला. बहीण भंगारच म्हणत होती. नातू जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वितळवलासा तर आमच्या आज्जाचं नाव कुठं ऱ्हायलं? त्याचा फोटो पण न्हाई आमच्याकडं. ती आहे म्हणून तर ही गोष्ट निघाली."

म्हणून ठेवली. पितळी पाटी मी काढून टाकली आणि नवीन मजकूर कागदावर लिहून त्यांना दाखवायला नेला. त्यात बंदुकीची जात होती, साल होतं, संस्थानचा उल्लेख होता, आणि पुढं असं वाक्य होतं: 'या बंदुकीचा बोळा चुकून लागून मळ्यातल्या गड्याचा उजवा डोळा गेला.' त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, शिक्षकच ते. 'गड्याचा' खोडून मामाचं पूर्ण नाव लिहिलं. 'चुकून लागून' खोडलं आणि वर लिहिलं, 'हाक न देता काढलेल्या बारानं'. पुढं स्वतःच्या मनानं एक ओळ वाढवली: 'पुढं तीस वर्षं तेच ही बंदूक साफ करत होते.' मग कागद उलटा करून मागच्या बाजूला हाच मजकूर कानडीत लिहून दिला. म्हणाले, गावात आता पोरं जास्त कानडीत वाचतात.

त्या कागदाचीच पाटी केली आहे, लाल खोडाखोडीसकट, काचेखाली. ती कपाटाच्या दाराला आतून लावली आहे, म्हणजे दार उघडल्यावर बंदुकीच्या आधी ती दिसते. मामाचं नाव मी इथं घेतलं नाही, कारण भाषण छापलं जाणार आहे आणि नातवाला तसं विचारायचं राहिलं. ज्यांना बंदूक पाहायची असेल त्यांनी रात्री आठनंतर, रुग्ण संपल्यावर दवाखान्यात यावं. मोजे मी देतो. पावसाळ्यात मात्र नको, कपाट जास्त वेळ उघडं ठेवता येत नाही.